रू द मोंतालांबेरवरचा काउंटर

पॅरिस, शनिवार, रात्री उशिरा

पोट भरलंय, पण जड झालेलं नाही. झोपायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर सकाळपर्यंत सगळ्या चवी एकमेकींत मिसळून जातील.

आज ‘लातलिए द जोएल रोब्युशों’, म्हणजे शेफ जोएल रोब्युशोंचं रेस्टॉरंट. रू द्यु बाक मेट्रोपासून जवळच. आत पांढऱ्या टेबलक्लॉथच्या रांगा नाहीत. लाल-काळं, थोडं अंधारलेलं दालन, उघडं स्वयंपाकघर, त्याच्याभोवती काउंटर आणि उंच लाल खुर्च्या. मला साडेसहाची वेळ मिळाली होती. फ्रेंच माणूस या वेळी जेवणाचा विचारही करत नाही, त्यामुळे सुरुवातीला आम्ही सगळे पाहुणेच.

एकटीच गेले होते. भारी फ्रेंच रेस्टॉरंटात एकट्या बाईचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मागे एका नावाजलेल्या ठिकाणी दोघांच्या टेबलावर बसवलं, समोरचे काटे-चमचे उचलून नेले आणि मी रात्रभर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवले. पाण्याचा एक घोट घेतला की मागून कुणीतरी येऊन ग्लास भरायचं. इथे समोर खुर्चीच नाही. माणसं आहेत, आणि ती कामात आहेत. त्यांच्या हातांकडे बघण्यात आपण एकटे आहोत हे विसरायला होतं.

रोब्युशोंला हे सुचलं ते उतारवयात. ‘जामँ’ या त्याच्या रेस्टॉरंटला १९८४ मध्ये मिशलँ या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तीन स्टार मिळाले होते, आणि १९९६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याने निवृत्ती घेतली. बरोबरीचे शेफ ताणापायी जाताना त्याने पाहिले होते. परतला तो २००३ मध्ये, जपानी सुशीचे काउंटर आणि स्पेनचे तापास बार, म्हणजे छोट्या छोट्या प्लेटांचे अड्डे, डोक्यात घेऊन. पॅरिस आणि टोकियो, दोन्हीकडे त्याच वर्षी ‘लातलिए’ उघडलं. २०१८ मध्ये तो गेला.

ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसे सांगतो की तो रोब्युशोंकडे काम करत असताना रोब्युशोंने एकदा रागाच्या भरात त्याच्यावर प्लेट भिरकावली होती. प्लेटमध्ये लँगुस्तीनची रॅव्हिओली होती म्हणे. मी आज नेमकी तीच मागवली! लँगुस्तीन म्हणजे कोळंबीची लांबट, गोडसर चुलतबहीण; पातळ पारीत गुंडाळलेली, सोबत मऊ कोबी. समोरचा मुलगा चिमट्याने काहीतरी ठेवत होता, मग वाकून प्लेटची कड पुसत होता. मधूनच कुणीतरी हळू आवाजात ‘वी, शेफ’, म्हणजे ‘हो, शेफ’, म्हणायचं. गिऱ्हाईक हाताच्या अंतरावर बसलेलं असताना प्लेटा भिरकावता येत नाहीत. काउंटरचा हा फायदा माझ्यापेक्षा त्या मुलांना जास्त असावा.

आणि मग बटाटा. ज्या प्युरेने हा माणूस जगभर ओळखला गेला ती एका छोट्या भांड्यात येते, आणि दिसायला अगदीच साधी. छापील कृतीत एक किलो बटाट्याला २५० ग्रॅम लोणी आहे. ‘रात’ जातीचे लहान, लांबुडके बटाटे सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलायचे आणि चक्कीतून काढायचे. ही चक्की म्हणजे आपलं पुरणयंत्रच, फिरवायची मूठसुद्धा तशीच. मग आचेवर हलवत त्यातलं पाणी उडवायचं. लोक हीच पायरी गाळतात असं माझं मत आहे. थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून घालायचे, गरम दुधाची बारीक धार, आणि शेवटी बारीक चाळणीतून गाळायचं. तोंडात चावायला काही उरत नाही, तरी बटाट्याची चव मात्र शाबूत. इतकं लोणी असून तेलकटपणा नाही. मी चमच्याने खाल्ली, आणि भांड्याच्या कडा पावाने पुसून घेतल्या.

शेजारचे आजोबा हे बघत होते. त्यांच्यापुढे फ्वा ग्रा भरलेला लावा पक्षी. बदकाला कोंबून खाऊ घालून वाढवलेलं ते यकृत मला जमत नाही, त्यामुळे त्यांनी प्लेट माझ्याकडे सरकवायची खूण केली तेव्हा हसून मान हलवली. मग त्यांनी माझ्या रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवत समोरच्या मुलाला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं आणि दुसरं भांडं हजर झालं. टेबलावर बसले असते तर हे घडलं नसतं.

वाइन एकच ग्लास. पाणी मात्र ‘कराफ दो’, म्हणजे नळाचं, फुकटचं. फ्रान्समध्ये ते मागायला कुठेच लाजायचं कारण नाही, इथेही नाही. बिलात सर्व्हिस धरलेलीच असते. आकडा लिहीत नाही, घरी ही वही वाचली जाते.

उद्या रविवार, बुलव्हार रास्पायवर सेंद्रिय बाजार भरतो. ‘रात’ मिळाले तर अर्धा किलो घेईन. भाड्याच्या खोलीत शेगडी आहे, पातेलं आहे, यंत्र नाही. काट्याने कुस्करीन. लोणी मात्र हात आखडून घालणार नाही.