भिंतीवरच्या कुर्ल्या

वॉलपेपर ही तशी कोकणाला न मानवणारी गोष्ट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चिऱ्याच्या भिंती, जुलैमध्ये कपाटातल्या चपलांवरसुद्धा पांढरी बुरशी, आणि अशा ठिकाणी भिंतीला कागद चिकटवायचा! आई सरळ म्हणाली, "कागद कित्याक व्हयो? रंग काढा नि गप रवा." पण दादाने मालवणजवळ नवं घर बांधलं, त्यात लेकीला, म्हणजे आमच्या बायला, स्वतःची खोली ठेवली, वहिनीने फोनवर कुणाकुणाच्या मुलांच्या खोल्या बघितल्या आणि मी पडले चित्रं काढून पोट भरणारी आत्या. मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, कापडावरचे प्रिंट, लग्नाच्या पत्रिका हे सगळं मी करतेच, तर मग एक भिंत काय जड आहे, असं घरात परस्पर ठरलं.

एक भिंत जड असते हे त्यांना कोण सांगणार.

आधी तर कुठली भिंत हेच ठरवायला हवं होतं. नैऋत्येकडची भिंत पाऊस थेट अंगावर घेते, तिच्यावर कागद लावला तर पहिल्याच श्रावणात तो सुटणार, म्हणून हॉलकडची आतली भिंत धरली. आणि घर नवीन असल्यामुळे एक पावसाळा जाऊ दिला. ओल कुठे धरते ते भिंत स्वतःच दाखवते, त्यासाठी कुठलं मशीन लागत नाही. मग पुट्टी, प्रायमर, आणि फेब्रुवारीत काम. कागद घेताना दुकानदार व्हिनाइलच्या मागे लागला होता, पुसता येतो ताई, पोरांनी खडू मारला तरी टेन्शन नाही वगैरे. खरंय ते, पण व्हिनाइल म्हणजे शेवटी प्लास्टिकचा थर, भिंतीतली ओल त्याच्या मागे कोंडते आणि समोरून छान छान दिसत असताना मागे काळी बुरशी वाढते. त्यापेक्षा नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेला कागद आपल्याकडे बरा, भिंतीला जरा श्वास घेऊ देतो, आणि खळ कागदाला न लावता थेट भिंतीला लावायची असते त्यामुळे कागद भिजून ताणला जात नाही, जोड नीट बसतो. खळीत बुरशीनाशक आहे का ते मात्र विचारून घ्यावं.

बुरशी आणि वॉलपेपर यांचा एक भयंकर किस्सा आहे. १७७५ मध्ये शील नावाच्या केमिस्टने तांबं आणि आर्सेनिकपासून एक हिरवा रंग बनवला, इतका सुंदर की पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपभर भिंतीच्या कागदावर तो आणि त्याची भावंडं पसरली, मुलांच्या खोल्यांतसुद्धा. मग दमट घरात माणसं आजारी पडायला लागली. शतकाच्या शेवटी गोसिओ नावाच्या इटालियन डॉक्टरने दाखवलं की ओल्या कागदावरची बुरशी त्या रंगातून लसणासारख्या वासाचा आर्सेनिकचा वायू बाहेर सोडते. तो वायू नक्की किती घातक होता यावर नंतर वाद झाले, पण मला विचाराल तर लसणाचा वास मारणारी भिंत कोकणात कुणाच्या लक्षातच आली नसती, स्वयंपाकघरातून येतोय असं समजून सगळे जेवायला बसले असते. आणि गंमत म्हणजे वॉलपेपरचा देव मानला जातो तो विल्यम मॉरिस, त्याच्या घरचा पैसा बराचसा इंग्लंडमधल्या डेव्हनच्या तांबं-आर्सेनिकच्या खाणीतून आलेला, तो स्वतः काही वर्षं त्या कंपनीचा डायरेक्टरही होता. त्याचा पहिला वॉलपेपर डिझाईन १८६२ चा, लाकडी जाळीवर चढलेले गुलाब आणि मध्येमध्ये पक्षी. त्यातले पक्षी त्याला जमेनात म्हणून त्याच्या आर्किटेक्ट मित्राने, फिलिप वेबने, काढून दिले. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण मला पक्षी जमतात पण गुरांचे खूर आजतागायत जमलेले नाहीत, त्यामुळे या भिंतीवर गाय नाही.

आता मुख्य काम. बाजारात नेहमी मिळतो तो रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब, आपल्या भाषेत २१ इंच बाय ३३ फूट. म्हणजे तुम्ही काढायचा असतो फक्त एक तुकडा, टाइल म्हणतात तिला, माझी ५३ बाय ६४ सेंटीमीटरची होती, आणि तीच खाली-वर, डावी-उजवीकडे येत राहते. अट एकच, उजव्या कडेला अर्धी कापलेली होडी डाव्या कडेला बरोबर उरलेल्या अर्ध्या होडीला भिडली पाहिजे. आता सॉफ्टवेअर हे करून देतं पण एकदा तरी हाताने करून बघा, पोरांनाही आवडेल. कागदाच्या मधोमध चित्रं काढायची, कडांना हात लावायचा नाही. मग कागद उभा मधून कापायचा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून टेप लावायची. तुमची चित्रं गेली कडेला आणि मध्ये आली रिकामी जागा, ती भरायची. मग आडवा कापायचा, खालचा वर, वरचा खाली, पुन्हा टेप, पुन्हा मधली जागा भरायची. झाली टाइल. जोड कुठे गेला ते काढणाऱ्यालाही पटकन सापडत नाही.

पण नुसत्या सरळ टाइल लावल्या की भिंतीवर खिडकीच्या गजांसारख्या उभ्या-आडव्या ओळी उमटतात. म्हणून हाफ ड्रॉप करतात, शेजारची पट्टी अर्ध्या टाइलने खाली सरकवायची, मग ओळ मोडते आणि डोळा तिरका फिरायला लागतो. यात कागद लावणाऱ्या कारागिराचं डोकं मात्र फिरतं. दहा फुटांची भिंत, म्हणजे कापायला वर-खाली थोडं सोडून सव्वातीन मीटरच्या आतली पट्टी, दहा मीटरच्या रोलमधून तीन आरामात निघायला हव्यात, पण हाफ ड्रॉपमध्ये एकाच रोलमधून पाळीपाळीने कापत गेलात तर दर पट्टीमागे अर्धी टाइल वाया जाते आणि तिसरी पट्टी वीतभर कमी पडते. आमचा कारागीर कुडाळहून आला होता, माणूस अनुभवी, त्याने दोन रोल शेजारी उलगडले, एकातून सगळ्या एक नंबरच्या, म्हणजे सरळ पट्ट्या, आणि दुसऱ्यातून सगळ्या दोन नंबरच्या, अर्ध्या टाइलने सरकलेल्या, एक इथली एक तिथली करत लावल्या, काही वाया गेलं नाही. पहिली पट्टी त्याने वरून ओळंबा लटकवून लावली, कोपऱ्याच्या भरवशावर नाही. "ताईनू, घराचो कोपरो कधी सरळ नसता," म्हणाला. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

चित्रं काय काढायची यावर घरात बऱ्यापैकी रामायण झालं. दादाला अंतराळवीर हवे होते. वहिनीने दाखवलेल्या सगळ्या फोटोंत जिराफ, फुगे आणि बर्फातली झाडं. बर्फातली झाडं मालवणात कशाला, असं मी म्हटलं तर "मग काय सुरमई काढणार का पोरीच्या भिंतीवर?" सुरमई नाही काढली, पण कुर्ली, म्हणजे खेकडा, काढली. धनेश काढला, पिवळी चोच आणि वर शिंग असलेला मोठा. शेकरू, फणसावर लटकलेलं. काजूची बोंडं, रातांबे, सुरंगीच्या कळ्या, एक होडी, आणि समुद्राकडे चाललेली कासवाची पिल्लं. बाय मागच्या वर्षी वेळासला कासवं बघून आली होती, त्यानंतर बरेच दिवस ती घरात पोटावर सरपटत होती.

धनेशाने मला सगळ्यात जास्त छळलं. एका टाइलमध्ये बघितला तर झकास, पण आठ-दहा टाइल एकत्र लावून लांब उभी राहून डोळे किलकिले केले की बाकी सगळं पुसट होतं आणि उरतात फक्त पिवळ्या चोची, भिंतभर तिरक्या रांगेत, कवायतीला उभ्या असल्यासारख्या. मोठा, गडद आणि चेहरा असलेला आकार डोळा सोडत नाही. चेहरा तर नाहीच सोडत. मग चोचीचा पिवळा जरा मळवला, पक्षी अर्धा पानाआड ढकलला, आणि त्याच्याइतकेच वजनदार दिसतील असे रातांब्यांचे घोस दुसऱ्या बाजूला दिले म्हणजे डोळ्याला बसायला आणखी एक जागा झाली. समोर रोखून बघणारा डोळा एकालाही ठेवला नाही. दिवसा गोड वाटणारा प्राणी रात्री झिरोच्या बल्बमध्ये काय वाटेल ते मोठ्या माणसाला कळत नाही.

मुलांच्या भिंतीचा विचार माणसं उभ्याने करतात हीच मोठी गोची आहे. तुम्ही दारात उभे राहून "वा, छान" म्हणता, पण पोर ती भिंत बघतं आडवं पडून, कुशीवर वळून, नाकापासून हातभर अंतरावरून, झोप येत नसताना किंवा ताप आलेला असताना. पलंगाच्या उंचीला भिंतीचा जो भाग येतो तीच तिची खरी भिंत. टाइल ६४ सेंटीमीटर उंच असल्याचा फायदा म्हणजे गादीपासून वरच्या दोन फुटांत प्रत्येक चित्र निदान एकदा येतंच. मग मी बारीक बारीक गोष्टी टाकल्या, फणसाच्या काट्यांत एक मुंगी, होडीच्या कडेला वाळत टाकलेली चड्डी, कासवांच्या रांगेतलं एक पिल्लू उलट दिशेने चाललेलं. लांबून यातलं काही दिसत नाही, दिसायचं कारणही नाही.

आमच्या लहानपणी आम्हाला ही कामं भिंतच करून द्यायची म्हणा. ओलीने पोपडे सुटायचे, त्यात कुणाला हत्ती दिसायचा, कुणाला नकाशा, आणि दरवर्षी पावसात तो हत्ती थोडा जाडा व्हायचा. पुढे रोलरने डिझाईन मारायची फॅशन आली, डिस्टेंपरवर चंदेरी फुलं, त्याचा जोड बहुतेक घरात दारामागे चुकलेला असायचा आणि आम्ही तो बरोब्बर शोधून काढायचो. चित्र म्हणून जे काय असायचं ते गणपतीच्या मागच्या भिंतीवर, ती मात्र सिंधुदुर्गात अजूनही खूप घरांत चतुर्थीआधी नव्याने रंगवतात, हाताने, आणि दरवर्षी वेगळी. तिथे रिपीट नाही. तिच्यापुढे माझी भिंत म्हणजे एकच ओवी परत परत म्हटल्यासारखी.

पण पोरांना तेच तर हवं असतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. आम्ही डिझायनर मंडळी रिपीट लपवायचे पैसे घेतो. कळू नये कुठे सुरू झालं, कुठे संपलं, यातच आमची हुशारी. आणि बायने पहिल्याच संध्याकाळी बोट लावून सगळं उघडं पाडलं. "आत्या, ही कुर्ली थय पण आसा. आनि थय पण. आनि वर पण!" मला वाटलं आता हिरमुसेल, तर ती नाचायला लागली. चिमणीने किती वेळा "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते" म्हणायचं हे तिला पाठ आहे, त्यातलं एक काजळ-तीट गाळून बघा, गोष्ट परत पहिल्यापासून. तिला पुढे काय येणार हे माहीत असण्यातच मजा वाटते, मला वाटलं होतं की मुलांना सतत नवीन लागतं. इंग्लंडमध्ये वॉल्टर क्रेन नावाच्या चित्रकाराने १८७५ मध्ये खास मुलांच्या खोलीसाठी वॉलपेपर काढला तो बडबडगीतातल्या राणीचा होता, आणि बडबडगीत म्हणजे तरी काय, तेच तेच परत.

आता होडीपाशी बोट ठेवून ती सांगते की याच्या खाली शेकरू, त्याच्या बाजूला उलटं कासव. उलटं कासव कुणाला दाखवावं लागलं नाही.

एक अडचण मात्र मला सोडवता आली नाही. तिला त्यातली एक कुर्ली "आपली" हवी होती. बाकीच्या समुद्राच्या, ही तिची. आणि रिपीटमध्ये नेमकं हेच करता येत नाही, एका कुर्लीला टोपी घातली की भिंतीवरच्या सगळ्या कुर्ल्यांना टोपी येते, एकीला वेगळी करायची सोयच नाही. मी हे तिला टाइलचे कागद मांडून समजावलं, ती शांतपणे ऐकून गेली आणि वहिनीच्या आरशावरची एक लाल टिकली आणून उशीजवळच्या कुर्लीच्या कपाळाला लावली. कुर्लीला कपाळ कुठे असतं हा प्रश्न तिला पडला नाही.

वहिनी म्हणाली काढ ती, डाग पडेल. मी म्हटलं काढू नको, गोंदासकट प्रिंट निघेल आणि मग कुर्लीला भोक पडेल. व्हिनाइल घेतला असता तर पुसता आलं असतं, असं ती बोलली नाही पण तिच्या चेहऱ्यावर होतं. सध्या टिकल्यांचं पाकीट कपाटावर ठेवलंय आणि बाय रोज विचारते की धनेशाचं लग्न कधी आहे.