चाळीस मिनिटांचा चित्रकलेचा तास : माझी आखणी

पहिली ते चौथीच्या वर्गांना मी चित्रकला शिकवते. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तास, तोही ४० मिनिटांचा. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी विषयांची यादी करायला बसले नाही. आधी तास शेवटाकडून मोजायला घेतला. घंटा होईपर्यंत टेबलं पुसलेली, ब्रश धुतलेले आणि चित्रं वाळत घातलेली हवीत, त्याला ८ मिनिटं. त्याआधी एकमेकांची चित्रं बघायला ४. सुरुवातीला साहित्य वाटायला ५, सांगायला-दाखवायला ५. उरली १८. मूल खरोखर चित्र काढतं ते या अठरा मिनिटांत. ती वाढवायची कशी, एवढा एकच प्रश्न धरून मी पुढचं सगळं ठरवत गेले.

पहिला हात घातला वाटपाला. तीस-पस्तीस मुलं एकदम उठली की कागद, पाणी, ब्रश यांची एकच झुंबड उडते. म्हणून प्रत्येक टेबलाचा एक ट्रे केला. त्यात ब्रश, फडकं आणि पाण्याची दोन भांडी, बसकी, रुंद बुडाची, अर्धीच भरलेली. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी रंगात घ्यायचं. टेबलावरचा एकच मुलगा किंवा मुलगी उठून ट्रे आणते आणि ही पाळी दर आठवड्याला बदलते. कागद हातात पडला की सगळ्यात आधी मागच्या बाजूला पेन्सिलने नाव आणि वर्ग. ही सवय क्षुल्लक वाटेल, पण नाव नसलेली चित्रं घेऊन दारात उभं राहण्यात किती वेळ जातो, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

ब्रश हाताळणं मी रंगाशिवाय शिकवलं. मुलांना पाळीपाळीने फळ्यावर नुसत्या पाण्याने रेघा काढायला लावल्या. काळ्या फळ्यावर ओली रेघ गडद दिसते आणि थोड्या वेळाने वाळून नाहीशी होते, त्यामुळे बिघडण्याची भीतीच नाही. ब्रश बुडवायचा, भांड्याच्या काठावर निथळायचा, टोकाने बारीक रेघ, आडवा धरून जाड पट्टा. केस दाबून गोल घासले तर पसरतात, तेव्हा ब्रश नेहमी मागे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. धुतल्यावर फडक्यावर टिपायचा, बोटांनी टोक करायचं आणि आडवा ठेवायचा. पाण्यात केसांवर उभा ठेवलेला ब्रश वाकतो, तो पुन्हा नीट सरळ होत नाही. दुसरीतली मुलं हे इतक्या मन लावून करतात की बघत राहावं.

थांबण्याची खूणही अशीच सरावाने बसवली. मी टाळ्यांचा एक ठेका देते, मुलं तोच परत देतात आणि टाळ्या वाजवायच्या म्हणजे ब्रश आपोआप खाली ठेवला जातो. हात रिकामे झाल्याशिवाय मी बोलत नाही. रंगात बुडालेल्या मुलाच्या कानात सूचना शिरत नाही आणि ती शिरावी असा आग्रह धरणंही बरोबर नाही.

आता त्या अठरा मिनिटांत द्यायचं काय? इथे मला सगळ्यात जास्त आधार झाला तो व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाच्या मांडणीचा. १९४०च्या दशकात त्यांनी मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण ४ ते ७ वर्षांचं मूल डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस काढतं आणि वस्तू कागदभर तरंगत ठेवतं. ७ ते ९ च्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आकाशाची पट्टी येते आणि घराच्या भिंतीतून आतली माणसंही दिसतात. नवव्या वर्षानंतर मूल आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ आहे का हे तपासू लागतं आणि स्वतःवर नाराज होऊ लागतं. हे एकदा समजल्यावर भिंतीतून दिसणारी माणसं दुरुस्त करावीशी वाटत नाहीत. त्या वयात मूल आपल्याला जे माहीत आहे ते काढतं, फक्त दिसतं तेवढंच नाही.

म्हणून विषय एकच असला तरी काम वेगळं देते. ‘पाऊस’ घेतला तर पहिलीत मेणखडूने जोरात रेघा आणि वरून पातळ निळ्याचा हात. मेणावर पाणी ठरत नाही, रेघा लख्ख उठून दिसतात. तिसरीत छत्र्या एकीमागे एक : पुढची पूर्ण, मागची अर्धी झाकलेली. चौथीत जवळचं मोठं आणि गडद, लांबचं लहान आणि फिकट. यातलं कुठलंही काम एका तासात संपवायचा हट्ट मी सोडून दिला आहे. एक विषय चार आठवडे चालतो : पहिल्यांदा नुसते प्रयोग, मग कच्चं रेखाटन, मग चित्र, मग राहिलेलं पूर्ण करणं आणि बघणं.

रंगांच्या प्रयोगात मी तीनच रंग देते. हिरवा, केशरी, जांभळा वाटायचेच नाहीत. मुलं आधी पिवळा घेतात आणि त्यात निळा ब्रशच्या टोकाने थोडा थोडा घालतात. उलटं केलं, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसलं, तर हिरवा उजळेपर्यंत निम्मा पिवळा संपतो. कागदावर चौकटींची रांग, प्रत्येक चौकटीत मागच्यापेक्षा थोडा जास्त निळा. शेवटी प्रत्येक हिरव्याला मुलं स्वतः नाव देतात : ‘कोवळा’, ‘शेवाळी’, ‘रात्रीचा’. जांभळ्याच्या वेळी मात्र लाल रंग कुठला ते बघून घ्यावं लागतं. केशरीकडे झुकणारा लाल निळ्यात मिसळला की तपकिरी, मळका रंग येतो, कारण त्या लालात पिवळा दडलेला असतो. किरमिजीकडे झुकणारा लाल घेतला तर जांभळा स्वच्छ येतो. एकदा चौथीतल्या एका मुलीने दोन्ही करून पाहिले आणि मळका रंगच झाडाच्या खोडासाठी राखून ठेवला.

नमुना फळ्यावर काढून ठेवणं मी टाळते, याबाबत माझं मत ठाम आहे. बाईंचं घर फळ्यावर राहिलं की वर्गात तीस तशीच घरं होतात आणि मुलांना वाटतं बरोबर घर ते एवढंच. पद्धत दाखवायची तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवते आणि तो चिठोरा उचलून ठेवते. मुलाच्या कागदावर माझी पेन्सिल चालत नाही. “बाई, मला पळणारा माणूस येत नाही,” असं कोणी म्हटलं की त्याच्या शेजारच्याला जागच्या जागी पळत असल्यासारखं उभं करते. “कोपर कुठे वळलंय? मागचा पाय जमिनीला टेकलाय का?” मूल बघतं, कधी स्वतः उठून तसं उभं राहून पाहतं आणि मग काढतं. तो माणूस वाकडा असेल, पण पळत असतो.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं कसं, हे मी अमेरिकेतल्या मेरी बड रो यांच्या कामातून उचललं. त्यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारून सेकंद-दीड सेकंदही थांबत नाहीत. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. चित्रं बघतानाच्या चार मिनिटांत मी हे कसोशीने पाळते. मनात तीन मोजते. ‘छान आहे’ असं म्हणायला बंदी नाही, पण त्याच्यापुढे ‘कारण’ हवं : “या ढगात दोन निळे आहेत”, “ही रेघ घाईने काढल्यासारखी वाटते”.

लवकर संपवणाऱ्यांसाठी माझ्याकडे दोन सोयी आहेत. एक, अपुऱ्या चित्रांची फाइल. दुसरी, सुरुवात करून दिलेल्या चिठ्ठ्यांची डबी : ‘मुंगीला दिसणारी चप्पल’, ‘टेबलाखालचं शहर’. मात्र ‘मागची जागा रंगवून टाक’ असं मी केवळ वेळ भरायला सांगत नाही. पांढरी सोडलेली जागा पुष्कळदा चित्राला हवी असते.

कागदाविषयी थोडंसं. छपाईचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद रंग लागला की सुरकुततो, म्हणून पोस्टर रंगांसाठी १५० च्या पुढचा घेते. पेन्सिलला ए फोर पुरतो, जाड ब्रशला ए थ्री लागतो. वाळवायला दोरी आणि चिमटे, पण रंग दाट असेल तर कागद आडवाच ठेवायचा, नाहीतर ओघळ येतात.

या सगळ्यामुळे वाटप पाचवरून दोन मिनिटांवर आलं आणि आवराआवर आठवरून सहावर. पाच मिनिटं मुलांच्या पदरात पडली, अठराची तेवीस झाली. तास संपला की वहीत एक ओळ लिहून ठेवते, वेळ कुठे अडला तेवढीच.

सध्या चौथीसाठी मातीकामाची आखणी चालली आहे. जोड देण्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे काढायचे, मधे पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं, एवढं तरी आधी शिकवावं लागेल, नाहीतर माती वाळताना हत्तीची सोंड गळून पडते. अर्धवट कामं ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतील. पण आराखड्याची सुरुवात मी हात धुण्यापासूनच केली आहे : नळाखाली धुतले तर माती पाइपात बसते, म्हणून तीन बादल्या. पहिलीत जाडसर माती सुटेल, दुसरीत उरलेली, तिसरीत स्वच्छ धुणं. पहिलीतली माती रात्रभर तळाशी बसू द्यायची, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालची माती पुढच्या तासाला परत वापरायची.