रसातले मिलिव्होल्ट

साखर कारखान्यात गाळप सुरू असताना आमच्या इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटच्या फोनवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "रस किती चाललाय?" मिल हाऊसमधून (जिथे ऊस पिळतात) बॉयलिंग हाऊसकडे (जिथे रस आटवून साखर करतात) जाणाऱ्या रसाचा हिशोब चुकला, तर साखर बगॅसमधून (उसाच्या चोथ्यातून) गेली, प्रेसमडमधून (रस स्वच्छ करताना निघणाऱ्या गाळातून) गेली की मळीतून, हे केमिस्टला सांगता येत नाही. उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरला तर उसाचा दर घसरतो. म्हणून या एका आकड्याची मला मनापासून काळजी असते. आणि हा आकडा आम्हाला मिळतो तो चुंबकाकडून.

त्या लाइनवर मॅगफ्लो, म्हणजे चुंबकाच्या मदतीने प्रवाह मोजणारं मीटर आहे. त्याच्या नळीत फिरणारं चक्र नाही, आडवी प्लेट नाही, काहीच नाही. कच्च्या रसात उसाचा बारीक भुसा आणि माती असते, आत काहीही बसवलं तरी ते त्यात गुंतणार. मॅगफ्लोमध्ये नळीच्या वर आणि खाली एकेक कॉइल असते आणि डाव्या-उजव्या बाजूला दोन छोटे इलेक्ट्रोड रसाला टेकलेले असतात. बस्स.

नवीन येणाऱ्या पोरांना वाटतं की चुंबक रसाला ओढतो. तसं नाही. रसात पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड असे विद्युतभार असलेले आयन असतात. नुसत्या थांबलेल्या रसात कितीही मोठं चुंबकीय क्षेत्र असलं, तरी इलेक्ट्रोडवर काही उमटत नाही. रस वाहू लागला की मात्र त्याच्याबरोबर जाणाऱ्या प्रत्येक आयनावर क्षेत्र बल लावतं, आणि ते बल ना पुढे असतं ना मागे. ते प्रवाहालाही काटकोनात आणि क्षेत्रालाही काटकोनात, म्हणजे आडवं. धन आयन एका भिंतीकडे, ऋण दुसरीकडे. दोन्ही बाजूंना जमलेला भार नव्या आयनांना अडवू लागतो आणि तोल साधतो. त्या तोलाचं व्होल्टेज आम्ही मोजतो.

किती असतं ते? क्षेत्र, नळीचा व्यास आणि वेग यांचा गुणाकार. क्षेत्र ५ मिलिटेस्ला, व्यास २०० मिलिमीटर आणि वेग सेकंदाला २ मीटर धरला, तर उत्तर येतं २ मिलिव्होल्ट. रस दाट आहे की पातळ, गरम आहे की थंड, याचा या सूत्रात कुठेही संबंध येत नाही. मला या मीटरचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे.

ही कल्पना मायकेल फॅरडेची. १८३२ च्या जानेवारीत त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकली आणि तिच्या दोन टोकांना धातूच्या पट्ट्या बांधून त्या थेम्स नदीत सोडल्या. चुंबक पृथ्वीचा, वाहता द्रव नदीचा. भरती-ओहोटीबरोबर पाण्याची दिशा बदलली की तारेला जोडलेल्या वीजमापकाच्या सुईचीही बदलेल, अशी त्याची अपेक्षा. सुई हलली, पण बेशिस्त हलली, आणि त्यातून भरोशाचं काही हाती आलं नाही.

मी एकदा हिशोब करून पाहिला. लंडनला पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा भाग सुमारे ४५ मायक्रोटेस्ला आहे. तारेची लांबी साधारण २९० मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर १३ मिलिव्होल्ट. आमच्या मीटरपेक्षा जास्त! म्हणजे सिग्नल लहान होता म्हणून फॅरडेला तो सापडला नाही, असं म्हणता येत नाही. अडचणी दोन होत्या. ओला नदीचा तळ स्वतःच वीज वाहतो, त्यामुळे तयार झालेलं व्होल्टेज खालच्या खाली बुजतं. आणि पाण्यात बुडवलेला धातू स्वतःचं रासायनिक व्होल्टेज तयार करतो, ते हळूहळू सरकत राहतं आणि खऱ्या सिग्नलला गिळून टाकतं.

पहिल्या अडचणीवर आमच्या मीटरमध्ये लायनर आहे. स्टीलच्या नळीला आतून रबर किंवा टेफ्लॉनचं अस्तर नसेल, तर नळीच दोन इलेक्ट्रोड शॉर्ट करून टाकेल.

दुसरीचं उत्तर फार सुंदर आहे. कॉइलमधला करंट सेकंदाला अनेक वेळा उलटवतात. क्षेत्र उलटलं की प्रवाहामुळे आलेलं व्होल्टेजही उलटतं. रासायनिक व्होल्टेजला क्षेत्राशी देणंघेणं नाही, ते होतं तसंच राहतं. दोन वाचनांची वजाबाकी केली की रासायनिक भाग कटतो आणि हातात राहतो तो फक्त वेग. फॅरडेला पृथ्वीचा चुंबक उलटवता येत नव्हता. तो भरती-ओहोटीची वाट बघत होता, आणि तेवढ्या तासांत इलेक्ट्रोड भरकटत होते.

पुढे १८५१ मध्ये इंग्लिश खाडीतून टेलिग्राफ केबल गेली, तेव्हा तिच्यात भरती-ओहोटीबरोबर बदलणारं व्होल्टेज मिळालं. फॅरडेच्या हयातीतच. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

सगळीकडे हे मीटर चालत नाही. बॉयलरच्या डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्यात आयनच उरलेले नसतात, मग बाजूला ढकलायचं कुणाला? नेहमीच्या मॅगफ्लोला सेंटिमीटरला साधारण ५ मायक्रोसीमेन्स तरी वाहकता लागते. तेल, वाफ, हवा यांच्यासाठी दुसरी मीटरं.

या कामात असलेल्यांसाठी एक आग्रहाची गोष्ट. ऑफ सीझनला इलेक्ट्रोडवरचं स्केल (साचलेला थर) काढून मीटर परत बसवलं की काही जण रिकाम्या लाइनवरच झिरो (शून्य प्रवाहाचं वाचन) घेतात. तसं करू नका. नळी पूर्ण भरलेली हवी, प्रवाह पूर्ण थांबलेला हवा आणि रसाला अर्थशी जोडणाऱ्या अर्थिंग रिंगची वायर जोडलेली हवी. रिकाम्या नळीत इलेक्ट्रोड अधांतरी असतात, शेजारच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) आणि वेल्डिंगचा गोंधळ उचलतात, आणि तोच आकडा पुढे हंगामभर रसाच्या हिशोबात मिसळत राहतो.