रिबाउंड अपडेट केल्यावर आधी बुध तपासा

रिबाउंड म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ग्रह-तारे कसे फिरतात ते मोजणारं सॉफ्टवेअर. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर अजून काम करत असाल, तर चौथीवर या. मात्र जुनी लगेच काढून टाकू नका. पायथॉनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकीच्यांपासून अलग कप्पा) करून नवी त्यात टाका आणि दोन्ही काही दिवस शेजारीशेजारी चालू द्या. रिबाउंडएक्स (जादा बलं जोडणारी पुरवणी) वापरत असाल तर तेही सोबतच अपडेट करा.

फंक्शन्सची नावं बदललीत, ते फारसं त्रासाचं नाही. ‘कॅल्क्युलेट एनर्जी’ आता नुसतं ‘एनर्जी’ आहे, ‘कॅल्क्युलेट ऑर्बिट्स’ नुसतं ‘ऑर्बिट्स’. चुकलं की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळ दाखवतो. काळजी घ्यायची ती गुपचूप होणाऱ्या बदलांची. आयएएस१५ या गणनेच्या पद्धतीत वेळेची पायरी, म्हणजे एका वेळी किती काळ पुढे जायचं ते, ठरवण्याचा निकष जानेवारी २०२४ पासून बदलला. प्रोग्राम तोच, सुरुवातीचे आकडे तेच, तरी शेवटचे अंक वेगळे येतात. जुन्याशी ताडून बघायचं असेल तर ‘अ‍ॅडॅप्टिव्ह मोड’ १ ठेवा. आता तो आपोआप २ असतो.

डब्ल्यूएचफास्ट या दुसऱ्या पद्धतीत पायरी तुम्हीच द्यायची असते. सगळ्यात आतल्या ग्रहाच्या प्रदक्षिणेचा विसावा भाग, म्हणजे बुधाच्या ८८ दिवसांसाठी साधारण ४ दिवस. इथेच बरेच जण फसतात. एककं सांगितली नाहीत तर रिबाउंड गुरुत्व स्थिरांक १ धरतं आणि वर्ष २π एककांचं होतं. ‘४ दिवस’ समजून नुसते ४ लिहिलेत तर पायरी २३२ दिवसांची पडते, बुधाच्या अडीच प्रदक्षिणांहून मोठी! शिवाय ‘एक्झॅक्ट फिनिश टाइम’ शून्य करा, नाहीतर प्रत्येक नोंदीच्या वेळी शेवटची पायरी तोडली जाते. ऊर्जेतली चूक वरखाली हलत राहिली तर ठीक. एकाच दिशेने चढत गेली तर पायरी किंवा ही सेटिंग आधी बघा.

आता बुध. आठही ग्रह घेऊन हजारेक वर्षं चालवा आणि त्याचा उपसूर्य बिंदू (कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू) किती सरकतो ते मोजा. दोन टोकांची वजाबाकी करू नका, सगळ्या नोंदींतून सरळ रेषा बसवा. नुसत्या न्यूटनच्या नियमाने शतकाला सुमारे ५३२ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) यायला हव्यात. रिबाउंडएक्समधून सापेक्षता जोडली की त्यात ४३ ची भर पडते. नवी आवृत्ती नीट बसली की नाही, हे सांगणारी याहून चांगली चाचणी नाही.

होरायझन्स या नासाच्या ऑनलाइन सेवेवरून ग्रहांच्या जागा घेताना नागपूरची घड्याळी वेळ तशीच टाकू नका. आपली दुपारी १२ म्हणजे जागतिक वेळ सकाळी ६:३०. साडेपाच तासांत बुध जवळजवळ साडेनऊ लाख किलोमीटर पुढे जातो. होरायझन्स टीडीबी ही खगोलशास्त्रातली वेळ मोजतं, ती जागतिक वेळेच्याही ६९ सेकंद पुढे असते.

मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो, आणि संध्याकाळी वादळ आलं की लाइट जाते. म्हणून लांब रन लावताना ‘सेव्ह टू फाइल’ला ‘वॉलटाइम’ ६०० द्या. दर दहा मिनिटांनी नोंद पडते आणि शेवटच्या नोंदीपासून रन पुढे नेता येतो. फक्त रिबाउंडएक्सची बलं त्या फाइलमध्ये जात नाहीत. फाइल उघडल्यावर ती परत जोडा, मगच पुढची वर्षं चालवा.