उजेड असेपर्यंतची परवानगी

गच्चीवर माझी छोटी दुर्बीण मांडली की पहिला काही वेळ डोळे अंधाराला सरावण्यातच जातो, आणि त्या वेळात मला हल्ली मराया मिचेल आठवतात. अमेरिकेतील नँटकेट बेटावर १८१८ मध्ये जन्मलेल्या या खगोलशास्त्रज्ञ बाईंची दैनंदिनी मी गेल्या पावसाळ्यात, आकाश झाकलेले असताना वाचून काढली. तिच्यातील एक नोंद तेव्हापासून मनातून जात नाही.

तारा आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडतो तो क्षण टिपण्याच्या दुर्बिणीत अतिशय बारीक उभे धागे ताणलेले असतात. मिचेलबाईंच्या दुर्बिणीतील पाचांपैकी दोन तुटले होते. कोळ्याचा धागा कसा हाताळावा हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचे केस उपटले, तेही निवडून पांढरे, कारण काळे केस उधळण्याइतके उरले नव्हते. अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या लाखेने ते बारीक खाचांत चिकटवले, तर थोडी लाख केसांवर आली. ती धुवायला गेल्या, तर एकेक करत सगळेच धागे निघून आले. पुन्हा बसवले, पुन्हा निघाले. उघड्या डोळ्यांना हे केस सरळ दिसत असले, तरी भिंगातून पाहताना त्यांचा जरासा बाकही लाटेएवढा दिसेल आणि एखादा अंधुक तारा त्या लाटेच्या खळग्यात दडून बसेल, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी कोळ्याच्या कोशातील धागे मिळवले, आणि थंडीवाऱ्यात ठेवल्यावरही ते जसेच्या तसे राहिले.

भरतकामात सुई चालवणारी नजर दुर्बिणीतील धाग्याने ताऱ्याचे दोन सारखे भाग तितक्याच सफाईने करू शकेल, असे त्यांचे मत होते. मी स्वतः कशिदा शिकले आहे, म्हणून हे वाक्य मला दाखल्यापुरते वाटत नाही. ते हातांना पटते. विज्ञान म्हणजे नुसते गणित आणि तर्क नव्हे, त्यात कल्पनाशक्ती, सौंदर्य आणि काव्यही आहे, असे त्या म्हणत. पण हे म्हणणाऱ्या बाईंनी शुक्राची स्थाने वर्षानुवर्षे आकडेमोड करून काढली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विधानाचे वजन कळते.

१ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री वडील नोकरीला असलेल्या बँकेच्या छपरावरून त्यांना ध्रुवताऱ्याच्या जवळपास एक पुसट ठिपका दिसला. तो धूमकेतू होता. दोनच दिवसांनी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रान्सेस्को दे विको यांनाही तो दिसला, आणि टपाल उशिरा पोहोचल्यामुळे शोधाचे श्रेय काही काळ त्यांच्याकडे गेले. डेन्मार्कच्या राजाचे सुवर्णपदक अखेर मिचेलबाईंनाच मिळाले, त्याबद्दल मला अधिक लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते रोमबद्दल.

सुमारे दहा वर्षांनी त्या युरोपच्या प्रवासात रोमला गेल्या, तेव्हा दे विको एकेकाळी जिचे संचालक होते ती कोलेजिओ रोमानो या जेझुइट धर्मगुरूंच्या महाविद्यालयाची वेधशाळा त्यांना पाहायची होती. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता, त्यामुळे वरपर्यंत अर्ज करावा लागला, आणि खटपटीनंतर परवानगी मिळाली. अंधार पडेपर्यंत थांबून तेजोमेघ, म्हणजे आकाशातले ढगासारखे धूसर पुंजके, पाहण्याची त्यांची इच्छा होती, पण परवानगी उजेड असेपर्यंतचीच आहे, असे त्यांना सौजन्याने सांगण्यात आले. वेधशाळा दाखवायची, दुर्बीण दाखवायची आणि आकाश काळे होऊ लागताच खाली उतरायला सांगायचे! ज्या स्त्रीने बर्फाळ रात्री पाठ भरून येईपर्यंत आकाश विंचरले आणि सिंह राशीत अनोळखी असे दोन तेजोमेघ दिसले म्हणून श्रम भरून पावल्याचे नोंदवले, तिला हे सांगितले गेले, याचा मला आजही संताप येतो.

१८६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व्हासार महाविद्यालयात त्या प्राध्यापक झाल्या आणि तेथील वेधशाळेतच राहू लागल्या. १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना आयोवातील बर्लिंग्टनपर्यंत नेले. व्हासारच्या घुमटाखालच्या मोठ्या दुर्बिणीशी मात्र मुली रात्रीच बसत, अंधार पडल्यानंतर.