कॅन न उचलता लहान ट्रॅक्टरमध्ये डिझेल

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या बहुतेकांकडे वीस-बावीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर असतो, कारण दोन ओळींमधल्या आठ-नऊ फुटांत मोठा ट्रॅक्टर नीट फिरत नाही. फळछाटणीनंतर ढगाळ हवा पडली की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने औषध फवारणारा ब्लोअर रोज, कधी दिवसातून दोनदा चालतो, आणि प्रत्येक वेळी ट्रॅक्टर पंपावर नेणे परवडत नसल्यामुळे डिझेल कॅनमधून घरी येते. ते कॅनमधून टाकीत जाईपर्यंत जे हाल होतात, त्यांवर आम्ही दोन वर्षे वेगवेगळे उपाय करून पाहिले.

आमच्या ट्रॅक्टरच्या टाकीचे तोंड जमिनीपासून चार फुटांवर आहे. वीस लिटर डिझेलचे वजन साडेसोळा-सतरा किलो भरते. एवढे वजन उचलणे शेतकऱ्याला जड नाही. जड जाते ते छातीच्या उंचीवर कॅन तिरका धरून, गटगट उसळणारी धार नरसाळ्यातच पडेल अशी काळजी घेत दोन-तीन मिनिटे उभे राहणे. अण्णांनी सत्तरी गाठल्यावर त्यांच्या हातून निम्मे कॅन बोनेटवर सांडू लागले. शिवाय सांडलेल्या डिझेलवर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तीच धूळ टाकीच्या तोंडातून आत जाते.

पहिला उपाय अर्थातच नळीचा होता. नळीचे एक टोक कॅनमध्ये, दुसरे तोंडात, आणि ओढ. हा प्रकार मी एकदाच केला. घोटभर डिझेल पोटात गेले आणि दिवसभर त्याचेच ढेकर येत राहिले. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली, ती म्हणजे असे झाल्यास मुद्दाम उलटी करायची नाही, कारण उलटीबरोबर डिझेल फुफ्फुसात उतरले तर तिथे गंभीर सूज येते, आणि तो धोका पोटातल्या डिझेलपेक्षा कितीतरी मोठा असतो. तोंडाने डिझेल ओढण्याची पद्धत गावोगाव चालू असली, तरी ती बंदच व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर शेजाऱ्यांचे पाहून पाठीवरच्या फवारणीच्या बॅटरी पंपाची जुनी मोटर लावली. ही मोटर बारा व्होल्टची असल्यामुळे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालली आणि काही दिवस आम्ही खूश होतो. पण औषधाच्या पाण्यासाठी बनवलेले तिचे रबरी पडदे डिझेलने फुगले आणि महिन्याभरात मोटर नुसतीच घुरघुरू लागली. डिझेलसाठीच बनवलेला बारा व्होल्टचा पंप मिळतो आणि तो चांगला चालतो. मात्र त्याच्या तारेत फ्यूज असलाच पाहिजे, आणि अशा पंपाने पेट्रोल चुकूनही ओढू नये, कारण मोटरमधल्या ठिणगीला पेट्रोलची वाफ पुरते. ज्यांच्याकडे गवत कापायचे पेट्रोलचे यंत्रही आहे, त्यांनी दोन्ही कॅन वेगळ्या रंगांचे ठेवावेत.

दोनशे लिटरचे बॅरल आणि त्यावर हाताने फिरवायचा पंप हाही मार्ग आहे. डिझेल कायद्याने ब वर्गातले पेट्रोलियम असल्याने 2500 लिटरपर्यंतच्या साठ्याला, एका भांड्यात 1000 लिटरपेक्षा जास्त नसेल तर, परवाना लागत नाही. पण एका लहान ट्रॅक्टरसाठी ते ओझेच आहे. डिझेल महिनोन्महिने पडून राहते, तळाशी पाणी साचते, आणि भरलेले बॅरल हलवायला चार माणसे लागतात.

शेवटी उत्तर घराच्या ओट्यावरच सापडले. आमचा ओटा अंगणापासून तीन फूट उंच आहे आणि त्यावर दीड फुटाचे जुने लाकडी बाक आहे. कॅन पायऱ्यांवरून वर न्यायचा, बाकावर ठेवायचा आणि ट्रॅक्टर ओट्याला खेटून उभा करायचा. कॅनचा तळ टाकीच्या तोंडापेक्षा अर्धा फूट वर येतो, त्यामुळे उरलेले काम डिझेल स्वतःच करते. तोंडाने ओढण्याऐवजी आम्ही टोकाला पितळी झडप असलेला अर्ध्या इंचाचा पारदर्शक पाईप घेतला. झडपेत एक गोटी असते. ते टोक डिझेलमध्ये बुडवून झपझप वर-खाली हलवले की प्रत्येक झटक्याला डिझेल थोडे वर चढते, गोटी त्याला परत जाऊ देत नाही, आणि दहा-बारा झटक्यांत धार सुरू होते. वीस लिटरला चार-पाच मिनिटे लागतात. अण्णा तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून चहा घेतात. मात्र टाकीवरची नजर हलवत नाहीत, कारण ही धार आपण होऊन थांबत नाही.

थांबवण्याचीही एक रीत आहे. टाकीकडचे टोक आधी काढले, तर झडपेमुळे पाईप भरलेलाच राहतो आणि सगळे डिझेल अंगावर येते. म्हणून कॅनमधले टोक आधी बाहेर काढून उंच धरावे, म्हणजे पाईपमधले पाव लिटरभर डिझेल टाकीत उतरते. तेवढी जागा टाकीत आधीच सोडावी लागते. काठोकाठ भरणे तसेही चुकीचे आहे, कारण 25 लिटर डिझेल 20 अंशांनी तापले तर सुमारे 400 मिलिलिटरने फुगते. पण टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्र काढू नये, हेही तितकेच खरे. रिकाम्या जागेतल्या हवेचा ओलावा गारठ्याच्या रात्री पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतो, म्हणून आम्ही संध्याकाळी काम संपल्यावरच भरतो. त्यामुळे भर फवारणीत डिझेल संपून ट्रॅक्टरने एअर धरण्याचा, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडण्याचा, प्रसंगही टळला. एअर काढत बसण्यात जो अर्धा तास जातो, तो पाऊस समोर दिसत असताना फार महाग पडतो.

पाईपच्या झडपेजवळ आम्ही एक काडी आडवी बांधली आहे, त्यामुळे टोक कॅनच्या तळापासून दोन बोटे वर राहते आणि खाली बसलेला गाळ व पाणी ओढले जात नाही. कॅन बाकावर ठेवल्यानंतर अर्धा तास हलवायचा नाही, एवढे पथ्य त्यासाठी पाळावे लागते. तळाशी उरलेले डिझेल महिन्यातून एकदा काचेच्या बरणीत ओतून पाहतो. गेल्या पावसाळ्यात बरणीच्या बुडाला चमचाभर पाणी वेगळे झालेले दिसले. शोधल्यावर कॅनच्या झाकणातले रबर चिरलेले सापडले.