लातूरच्या छतावरचे ऊन : खडूच्या रेघांपासून वर्षभराच्या हिशेबापर्यंत

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली आणि लातूरच्या आमच्या गल्लीत सौर पॅनेलचा विषय घरोघरी निघू लागला. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान, एवढे सर्वांना तोंडपाठ झाले होते. मला मात्र आमच्या छतावर वर्षाकाठी किती युनिट तयार होतील, हे आधी हवे होते. घरी आलेल्या एका पुरवठादाराने, "ताई, मराठवाड्यात उन्हाला काय तोटा? तीन किलोवॅटला रोजचे पंधरा युनिट धरून चाला," असे सांगितले. उन्हाला तोटा नाही, हे खरेच आहे. आपल्याकडे सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच ते साडेपाच युनिट सौरऊर्जा पडते. पण पॅनेल त्यातला साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलते, आणि त्याच्या मागच्या पट्टीवर छापलेले वॅट हे सेलचे, म्हणजे पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या लहान चकत्यांचे, तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. आमच्या छतावर दुपारी २५ अंश कधी असतात, याचा विचार केला तेव्हाच पंधराच्या आकड्यावरचा माझा विश्वास उडाला.

अर्ज करायला बसले तेव्हा पहिली अडचण निराळीच निघाली. विजेची जोडणी अजून माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होती, आणि अर्जदार, वीजबिल व बँक खाते यांवरची नावे जुळल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हते. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रे, घरपट्टीची पावती असे कागद जमवून बिल यजमानांच्या नावावर होईपर्यंत चार महिने गेले, आणि पुढे पुरवठादार ठरवण्यात दिवाळी उलटली. ज्यांच्या घरी ही स्थिती असेल त्यांनी नाव बदलण्याचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन.

या विलंबामुळे डिसेंबर महिना मात्र हाती आला, आणि तो फार मोलाचा ठरला. लातूरचा अक्षांश सुमारे १८.४ अंश आहे. मे महिन्याच्या मध्याला इथे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच राहते. त्या दिवसांत छत पाहणाऱ्याला सगळी जागा मोकळीच दिसणार. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की मध्यान्हीसुद्धा सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास पोहोचते. २२ डिसेंबरला मी मुलाला हाताशी घेऊन सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या सावलीची कड खडूने आखली. ओट्यासह आठ फूट उंचीच्या त्या टाकीची सावली साडेबाराला सात फूट, तर नऊ वाजता चांगली सतरा फूट लांब पडली होती. पुरवठादाराने पॅनेलसाठी सुचवलेली जागा नेमकी त्या रेघांच्या आत येत होती. पॅनेलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे थोड्या भागावर सावली पडली तरी पॅनेलचा मोठा हिस्सा काम करीनासा होतो. म्हणून सावलीचा प्रश्न मला अनुदानाच्या रकमेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

दुसरा आक्षेप सासूबाईंचा होता, आणि तो रास्त होता. "कुरडया-सांडगे मी कुठं वाळू घालायचे?" असे त्यांनी विचारले. दोन्ही प्रश्न एकाच उपायाने सुटले. आम्ही पॅनेलांचा सांगाडा स्लॅबपासून सात फूट उंच घेतला. त्यामुळे टाकीचा जेमतेम फूटभर भाग पॅनेलांच्या वर राहिला, सतरा फुटांची सावली दोन फुटांवर आली, आणि खाली व कडेला वाळवणाला जागा उरली. खर्च वाढला, पण वळवाच्या वादळात आपल्याकडे पत्रे कसे उडतात हे पाहिलेले असल्याने लोखंडाच्या जाडीत, अर्थिंगमध्ये आणि आकाशातल्या विजेपासून बचाव करणाऱ्या तडितरोधकात काटकसर करायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. प्रत्येकी ५४० वॅटची सहा पॅनेल, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे १८ अंशांच्या उतारावर बसली. अनुदानासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात, त्याची कागदपत्रे मी पैसे देण्यापूर्वीच तपासून घेतली.

तपासणी होऊन नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, जानेवारीच्या अखेरीस लागला आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून मी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावरचा, आकडा वहीत लिहू लागले. सर्वांत चांगला महिना मार्च ठरला. रोजची सरासरी साडेतेरा युनिट. एप्रिलच्या अखेरीस पारा ४२ अंशांवर गेला तेव्हा ऊन अधिक प्रखर असूनही भरदुपारचा आकडा, जो फेब्रुवारीत २.६ किलोवॅटपर्यंत जात असे, तो २.३ वर अडकू लागला. पॅनेल तेव्हा ६५ अंशांच्या आसपास तापते, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के या हिशेबाने चौदा टक्के वीज उष्णतेपायीच कमी होते. मे महिन्याच्या उत्तरार्धात अवकाळी पावसाने आकडे आणखी खाली आणले. जुलै-ऑगस्टमध्ये साडेआठ युनिटांच्या आसपास सरासरी राहिली, आणि सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली त्या दिवसांत तीन-चार युनिटांवर समाधान मानावे लागले. डिसेंबरातला दिवस लहान, तरी स्वच्छ आकाश आणि थंड हवा यांमुळे रोजचे बारा युनिट मिळाले, याचे मला मनापासून आश्चर्य वाटले.

धुळीचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. उन्हाळ्यात पंधरा दिवस पॅनेल पुसले नाहीत तर दिवसाला सुमारे एक युनिट घटते. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने पहिल्यांदा धुतल्यावर काचेवर क्षारांचे पांढरे ओघळ उमटले, ते पुसता पुसता अर्धी सकाळ गेली. आता नळाच्या दोन बादल्या पाण्यात, मऊ फडक्याने, सूर्य वर येण्यापूर्वी काम उरकते; तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात मला तिसरी बादली घ्यावीशी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. वीज गेली की ही यंत्रणाही बंद पडते, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपली वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. भरदुपारी पंखा थांबल्यावर सासूबाईंनी वर बोट करून विचारले, "मग हे कशासाठी लावलं?" आणि मला हे सगळे त्यांना समजावून सांगावे लागले. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीची वेगळी व्यवस्था लागते आणि तिचा खर्चही वेगळा असतो.

३१ जानेवारी २०२६ रोजी वर्ष पुरे झाले. वहीतली बेरीज ४,२३६ युनिट, म्हणजे दिवसाला ११.६. आमचा घरचा वापर त्यात भागला आणि थोडे युनिट शिल्लक राहिले. ते पुढच्या महिन्यांत वळते होतात आणि ३१ मार्चला आर्थिक वर्षाबरोबर त्यांचा हिशेब मिटतो. उदगीरला राहणाऱ्या नणंदेने आता तिच्या छतासाठी विचारले आहे. तिच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची जिन्याची खोली आहे, म्हणून तिला मी माझी वही आणि खडूचे एक पाकीट दिले आहे.